कमी खर्चात अंगावर घालायचा लवचिक सेन्सर कसा बनवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांबरोबर असे सेन्सर बनवायला बसलं की दर वर्षी तेच प्रश्न समोर येतात. कोणी प्रोजेक्टसाठी विचारतं, कोणी घरातल्या आजारी माणसासाठी. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलंय : छातीभोवती बांधायचा, श्वास मोजणारा पट्टा. एकच वस्तू शेवटपर्यंत धरून ठेवली की साहित्य, सर्किट, कातडी आणि चाचणी एकमेकांत कशी गुंतलेली असतात ते कळतं.

सुरुवात श्वासापासूनच का? नाडी किंवा ईसीजी जास्त उपयोगी नाही का?

श्वासाच्या बाबतीत आपल्याला नुसती मोजदाद करायची असते. छाती फुगली, पट्टा ताणला गेला, स्क्रीनवरची रेघ वर गेली. श्वास सुटला, रेघ खाली आली. मिनिटात अशा किती लाटा आल्या, एवढंच हवं. सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा, पट्टा ताणला की तो बदलतो) आज ५ किलोओहम भरला आणि उद्या साडेसहा निघाला, तरी लाटा मोजण्यात चूक होत नाही. स्वस्त सेन्सरचं मुख्य दुखणं हेच की त्याचा आकडा जागेवर राहत नाही. म्हणून जिथे आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा आहे, तिथे तो भरवशानं वापरता येतो. काय बनवायचं हे ठरवताना मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारतो : तुला आकडा हवाय की ताल?

शिवाय श्वासाचा वेग ही साधी दिसणारी पण फार मोलाची खूण आहे. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या लहान मुलांत न्यूमोनियाची शंका घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेल्या मर्यादा अशा : २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक. गावात आशाताई हेच मोजतात : अंगातलं झबलं वर करून, घड्याळाकडे एक डोळा ठेवून, पुरतं एक मिनिट. बाळ रडलं, हललं की पुन्हा पहिल्यापासून. हे काम जवळून पाहिलं तेव्हापासून मला या साध्या पट्ट्याबद्दल विशेष आस्था आहे.

तरीही पहिला पट्टा मोठ्या, धडधाकट माणसासाठीच बनवा. तान्ह्या बाळाच्या छातीभोवती काहीही बांधणं हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे, वर्कशॉपमधलं नाही.

‘लवचिक’ म्हणजे नेमकं काय? प्लॅस्टिकची फिल्मही वाकतेच की.

वाकणं वेगळं, ताणलं जाणं वेगळं. फिल्म वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. हा ताण ढोबळमानानं जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट एवढा असतो. २५ मायक्रॉनची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर ताण ०.२५ टक्के; तीच १२५ मायक्रॉनची असेल तर १.२५ टक्के. पदार्थ तोच, पण जाडी पाचपट झाली की ताणही पाचपट. म्हणून फिल्मवर छापायच्या, वीज वाहणाऱ्या शाईचा थर ‘मजबुतीसाठी’ दोनदा फासू नका. तो आधी तडकतो.

कातडी मात्र वाकते तशीच ताणलीही जाते. कोपर, गुडघा अशा सांध्यांवर ती तीसेक टक्क्यांपर्यंत ताण घेते आणि साधी पॉलिएस्टरची फिल्म तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, पदार्थच रबरासारखा घ्यायचा. दोन, तार सरळ न ठेवता घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी आखायची, म्हणजे ओढ बसल्यावर वळणं उलगडतात आणि धातूवर फारसा ताण येत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटानं २०११ साली गोंदणासारखी कातडीला चिकटणारी इलेक्ट्रॉनिक्स दाखवली, तिच्यात हीच नागमोडी युक्ती होती. त्यांच्याकडची यंत्रसामग्री आपल्याकडे नाही, पण युक्ती फुकट घेता येते. मुलं साध्या शिलाई मशीनच्या झिगझॅग टाक्यानं चांदीचा मुलामा दिलेला धागा इलॅस्टिकवर शिवतात. तोही त्याच घाटातला रस्ता.

साहित्य कुठून आणायचं?

निम्मं साहित्य शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं : दीड इंची इलॅस्टिक, न ताणली जाणारी कापडी पट्टी, वेल्क्रो, टिचबटणं. इलेक्ट्रॉनिक्ससाठी पुण्यात तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. बाकीच्यांनी ऑनलाइन मागवावं. कार्बन भरलेली काळी, दाब पडल्यावर रोध बदलणारी पॉलिथिनची शीट ‘वेलोस्टॅट’ नावानं विकत मिळते. इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट ज्या गुलाबी पिशवीत येतात ती चालत नाही, तिचा रोध फार जास्त असतो. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना शीटवर टेकवून बघा. काहीच वाचन आलं नाही तर ती आपल्या कामाची नाही.

पेन्सिलनं कागदावर खरंच सेन्सर बनतो का?

बनतो, आणि शिकायला यासारखी दुसरी गोष्ट नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. एच मालिकेत माती जास्त, बी मालिकेत ग्राफाइट जास्त. चित्रकलेच्या दुकानातून ६बी किंवा ८बी घ्या, साध्या कागदावर इंग्रजी यू आकाराचा पट्टा आखा आणि एकाच दिशेनं घासत तो चकचकीत काळा होईपर्यंत भरा. टोकांना मल्टिमीटर लावून कागद वाकवा. ग्राफाइटची बाजू बाहेर ठेवून वाकवलं की कण एकमेकांपासून दूर जातात आणि रोध वाढतो. उलट वाकवलं की कमी होतो. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये पेन्सिल आणि ऑफिसच्या कागदावर अंगावर लावायचे कितीतरी सेन्सर करून दाखवले.

अडचण आहे ती आपल्या हवेची. कागद दमट हवेत पाणी पितो, फुगतो आणि रोध वाहवत जातो. जुलैत रत्नागिरीला आणि एप्रिलमध्ये नागपूरला हा एकच सेन्सर दोन वेगवेगळे आकडे देईल. वरून पातळ पारदर्शक टेप लावली तर काही दिवस निभतं. शाळेतल्या प्रयोगाला उत्तम. अंगावर आठवडाभर घालायला नाही.

सिलिकॉनमध्ये कार्बन मिसळून रबरी सेन्सर करायचा आहे. कुठे चुकतं?

हा माझा आवडता प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त नासाडीही यातच झाली आहे. दोन भागांत येणारं सिलिकॉन घ्यायचं, त्यात कार्बन ब्लॅकची भुकटी मळायची, साच्यात पसरायचं आणि घट्ट होऊ द्यायचं. प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं सिलगार्ड १८४ हे १० भाग बेस आणि १ भाग हार्डनर असं वजनावर मिसळतात. खोलीच्या तापमानाला त्याला दोन दिवस लागतात, १०० अंशांवर पाऊण तासाच्या आत ते घट्ट होतं. इकोफ्लेक्ससारखं सिलिकॉन त्याहून बरंच मऊ असतं आणि कातडीला जास्त मानवतं.

कार्बन किती घालायचा? थोडा घातला तर वीज वाहतच नाही. वाढवत गेलं की एका टप्प्याला कण एकमेकांना भिडून साखळी तयार होते आणि रोध एकदम कोसळतो. सेन्सर म्हणून उपयोगी मिश्रण या टप्प्याच्या थोडंसं पुढे असतं, कारण तिथे जरा ताण पडला तरी साखळ्या तुटतात आणि फरक मोठा दिसतो. फार पुढे गेलात तर रबर चिवटपणा सोडून ठिसूळ होतं. प्रत्येक कंपनीची भुकटी वेगळी, म्हणून वजनावर ८, १०, १२, १४ टक्के अशा चार लहान पट्ट्या करून तपासा आणि मगच ठरवा.

एकदा आमचा मिश्रणाचा अख्खा घाणा तीन दिवसांनीही चिकटच राहिला. प्रमाण बरोबर होतं, तापमान बरोबर होतं. पुन्हा केलं, पुन्हा चिकट. शेवटी ध्यानात आलं की मिश्रण ढवळणाऱ्या मुलीनं हातात लॅटेक्सचे मोजे घातले होते आणि बोटानंच कडा सारख्या केल्या होत्या. प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणाऱ्या अशा सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं आणि नैसर्गिक रबरात गंधक असतं. तेव्हापासून नायट्राइलचे मोजेच वापरायचे, आणि गंधक असलेली मूर्तिकामाची माती किंवा रबरी साचे जवळ आणायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लिहिला आहे.

दुसरा नियम श्वसनाचा. कार्बन ब्लॅकची धूळ फुप्फुसाला वाईट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं तिला संभाव्य कर्ककारक गटात टाकलं आहे. एन९५ मास्क लावा, पंखा बंद करा, भुकटी हळूच सिलिकॉनमध्ये दाबून मिसळा. आणि तयार पट्टी दोन्ही बाजूंनी साध्या सिलिकॉननं बंद करा. काळा थर उघडा कातडीला लागता कामा नये.

लेझरनं ग्राफीन (कार्बनचा अतिशय पातळ, वीज वाहणारा थर) बनवतात म्हणे. ते आपल्याला जमेल?

जमेल, आणि त्यासाठी ग्राफीनची बाटली विकत आणायची गरज नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं २०१४ साली दाखवलं की पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे बाजारातल्या कॅप्टॉनच्या, फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला की ती जागा सच्छिद्र ग्राफीनमध्ये बदलते आणि वीज वाहू लागते. हा लेझर कुठे असतो? तालुक्याच्या गावीही ट्रॉफ्या, ॲक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्या दुकानात. पिवळसर तपकिरी कॅप्टॉन शीट सपाट फरशीवर चिकटवून न्या, नागमोडी आकृती पेनड्राइव्हमध्ये द्या आणि त्यांना सांगा की कापायचं नाही, खोदायचं आहे. कमी शक्तीपासून सुरू करून टप्प्याटप्प्यानं वाढवा. जिथे मऊ काळी मखमल येते आणि फिल्मला भोक पडत नाही, ते सेटिंग लिहून ठेवा.

एक गोष्ट बजावून सांगतो. कॅप्टॉन समजून पीव्हीसीची फिल्म किंवा टेप लेझरखाली घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू माणसालाही घातक आणि मशीनलाही. शंका असेल तर तुकडाभर फिल्म चिमट्यात धरून तिला सोल्डरिंग आयर्न टेकवा. कॅप्टॉन वितळत नाही. जी वितळली ती परत ठेवून द्या.

चांदीची शाई आणि स्क्रीन प्रिंटिंग?

लग्नपत्रिका छापणारा कारागीर या कामात आपला गुरू. जाळी ताणलेली चौकट, जाळीवर आकृती उमटवणारं इमल्शन, शाई ओढायची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, सगळं तेच. फक्त शाईच्या जागी चांदीची किंवा कार्बनची वाहक पेस्ट. फिल्म म्हणून पॉलिएस्टर चालतं. बऱ्याच पेस्ट १२० अंशांच्या आसपास तापवाव्या लागतात आणि तेवढ्या उष्णतेत पॉलिएस्टर आक्रसू शकतं, म्हणून फिल्म आधी कोरीच त्या तापमानाला तापवून घ्या आणि मग छापा. नाहीतर दुसरा थर पहिल्यावर बरोबर बसत नाही. चांदी महाग आहे, तेव्हा लांब रेघा कार्बनच्या आणि जोडणीच्या जागा तेवढ्या चांदीच्या ठेवा.

ईसीजीचे इलेक्ट्रोड मात्र स्वतः छापायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे, जेल लावलेले तयार इलेक्ट्रोड औषधांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात आणि ते वर्षानुवर्षं पारखलेले आहेत.

सगळं छान चालतं, पण वायर जोडली की तुटते. काय करावं?

लवचिक सेन्सर मेला तर दहापैकी नऊ वेळा तो जोडावरच मेलेला असतो. मऊ पट्टी आणि कडक वायर जिथे भेटतात तिथे सगळा वाक एका रेषेत गोळा होतो आणि तिथेच तडा जातो. पॉलिएस्टरवर सोल्डरिंगचा विचारही करू नका, ते वितळतं. कॅप्टॉनवर होतं, पण झटपट.

आमच्याकडे टिकलेला जोड टिचबटणाचा. धातूचं टिचबटण वाहक धाग्यानं पट्टीवर घट्ट शिवायचं, दुसरी टिकली वायरच्या टोकाला. ईसीजीच्या इलेक्ट्रोडवर असतं तेही टिचबटणच, त्यामुळे ईसीजीच्या तयार केबल्सही त्यावर बसू शकतात. बटणाखाली कापडाचा एक जास्तीचा तुकडा घाला आणि तो जोडाच्या पुढे बोटभर जाऊ द्या. मऊपासून कडकपर्यंत असा हळूहळू उतार मिळाला की वाक एका जागी साचत नाही. रबरी पट्टी असेल तर घट्ट व्हायच्या आधीच टोकाला वाहक कापडाची चिंधी पुरून टाका.

पट्टा प्रत्यक्ष कसा शिवायचा?

इथे एक हिशेब सगळ्यात उपयोगी पडतो. शांत श्वासात छातीचा घेर एखाद सेंटिमीटरनं वाढतो असं धरा. ८० सेंटिमीटरचा सगळा पट्टा इलॅस्टिकचा केला तर ताण पडतो सव्वा टक्का. त्याऐवजी ७२ सेंटिमीटर न ताणली जाणारी पट्टी आणि मध्ये फक्त ८ सेंटिमीटर इलॅस्टिकची खिडकी ठेवली, तर तोच एक सेंटिमीटर त्या ८ सेंटिमीटरवर येतो : साडेबारा टक्के. सेन्सर तोच, माणूस तोच, पण संकेत दहापट. महागडं ॲम्प्लिफायर घ्यायच्या आधी पट्टा उसवून बघा.

सेन्सर खिडकीवर बसवा आणि पट्टा बांधताना किंचित ताणलेला ठेवा, म्हणजे श्वास सोडल्यावरही तो सैल पडत नाही. जागा बरगड्यांच्या खालच्या कडेशी. काही जणांचा श्वास पोटातून जास्त असतो, त्यांना चार बोटं खाली सरकवा. पातळ कपड्यावरूनही तो चालतो. बायकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे : आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतः बांधता येईल, पुढच्या बाजूला वेल्क्रो येईल असाच पट्टा शिवा.

सर्किट आणि कोडबद्दल थोडक्यात सांगाल?

पट्ट्याचा रोध ५ किलोओहम असेल तर त्याच्याशी ४.७ किलोओहमचा साधा रोध मालिकेत जोडा आणि ३.३ व्होल्ट द्या. साध्या रोधावरचं व्होल्टेज विश्रांतीत १.६० येतं, पट्टा ताणून ६ किलोओहम झाला की १.४५. दीडशे मिलिव्होल्टचा हा फरक ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या १२ बिट एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) १८० हून जास्त पायऱ्यांचा होतो, श्वासाला भरपूर. ईएसपी३२ चा एडीसी दोन्ही टोकांना सरळ वागत नाही, म्हणून व्होल्टेज मधल्या पट्ट्यातच ठेवा. फरक फारच बारीक असेल तर व्हीटस्टन ब्रिज (बारीक फरक पकडणारी चार रोधांची जोडणी) करून एचएक्स७११ किंवा १६ बिटांचा एडीएस१११५ ही जास्त बारकाईनं मोजणारी एडीसी चिप जोडा.

सेकंदाला २० ते २५ नमुने पुरे. गेल्या काही सेकंदांची सरासरी वजा करा म्हणजे मागचा सरकता पाया निघून जातो, मग लाट शून्यावरून वर जाताना एकदा मोजा. शून्याभोवतीच्या थरथरीत एकच श्वास दोनदा मोजला जाऊ नये म्हणून वर-खाली थोडी फट ठेवा.

विश्रांतीतही आकडा सारखा खाली सरकत राहतो. सेन्सर बिघडलाय का?

नाही. कार्बन भरलेलं रबर ताणून धरलं की आतल्या साखळ्या सावकाश नव्यानं जुळत राहतात आणि रोध काही मिनिटं उतरत राहतो. ताणताना आणि सोडताना त्याची वाटही वेगवेगळी असते. नवी पट्टी शंभरेकदा ताणून-सोडून ‘रुळवली’ की हे बरंच कमी होतं, पण जात नाही. म्हणूनच या पट्ट्यावरून ‘किती मिलिलीटर हवा आत गेली’ असं सांगायचं धाडस करू नका. तालापुरताच तो आपला.

कातडीवर काय काळजी घ्यायची?

तेल लावलेल्या कातडीवर काही चिकटत नाही आणि आपल्याकडे खोबरेल तेल रोजचं. साबण-पाण्यानं धुऊन, पुसून, कोरडं करून मग लावा. चिकटवायला औषधांच्या दुकानातली कागदी मायक्रोपोर टेप बरी. फेव्हिक्विकसारखे गोंद कधीही नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून कातडी बघा. लाली तासाभरात गेली नाही, खाज आली, पुरळ उठली, तर तो पदार्थ बाद. मधुमेह असलेल्या आणि वयस्क माणसांची कातडी नाजूक असते, त्यांना तर चिकटवण्यापेक्षा बांधायचा पट्टाच बरा.

ईसीजी आणि ऑक्सिजनसाठी तयार मॉड्यूल मिळतात. ती लवचिक पट्टीवर लावू का?

शिकण्यासाठी जरूर लावा. एडी८२३२ हे ईसीजीचं आणि मॅक्स३०१०२ हे नाडी-ऑक्सिजनचं मॉड्यूल त्यासाठी ठीक आहे. पण एक पथ्य मोडू नका : माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना सर्किट फक्त बॅटरीवर हवं. लॅपटॉपला यूएसबीनं जोडलेलं आणि लॅपटॉप चार्जरवर, हे कदापि नाही. चार्जर सदोष असेल तर घरची वीज छातीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत येऊ शकते. माहिती ब्लूटूथनं पाठवा. कातडीवर ईसीजीचा संकेत एखाद मिलिव्होल्टचा असतो आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर त्यात सहज शिरते. बॅटरीवर तीही बरीच कमी होते.

ऑक्सिजनचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. आजचे ऑक्सिमीटर त्यावरच चालतात : ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला जातो याचं गुणोत्तर. म्हणजे इथे आपल्याला ताल नव्हे, आकडा हवा असतो, आणि तिथे कातडीचा रंग आडवा येतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरनंही कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा नजरेआड केली होती. सावळ्या, काळ्या कातडीच्या देशात ऑक्सिजनचा सेन्सर बनवणाऱ्यानं हे डोळ्यांआड करून चालणार नाही. अशा मॉड्यूलवरून नाडी मोजा. ऑक्सिजनच्या टक्केवारीवर कोणाच्या उपचाराचा निर्णय घेऊ नका.

घामातून साखर मोजता येईल का? आईला रोज सुई टोचावी लागते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांतली आशा बघून ‘नाही’ म्हणणं जड जातं. पण उत्तर नाहीच आहे. घामातली साखर रक्तातल्या साखरेच्या शंभराव्या भागाइतकी अल्प असते, कातडीवरच्या उरल्यासुरल्या कणांनी ती बिघडते आणि घाम किती वेगानं येतोय त्यावरही बदलते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात अली जावे यांच्या गटानं २०१६ मध्ये घामातली साखर, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकत्र मोजणारा पट्टा दाखवला. संशोधन म्हणून तो मोठा टप्पा होता. घरी इन्सुलिनचा डोस ठरवणं ही त्याहून फार वेगळी जबाबदारी आहे. सुई न टोचता साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेची औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, एफडीएनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आईचं ग्लुकोमीटर चालूच ठेवा.

माझा पट्टा बरोबर मोजतो हे कशावरून?

दोन माणसं घ्या. एकजण पट्टा बांधून बसेल. दुसरा स्क्रीनकडे पाठ करून त्याचं पोट बघत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजेल आणि कागदावर लिहील. मिनिट संपल्यावरच पट्ट्याचा आकडा उघडायचा, आधी नाही. मोजणाऱ्याला आधी आकडा दिसला की त्याचं मोजणं नकळत त्या आकड्याकडे झुकतं. हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवलं आहे. बसून, आडवं पडून, जिना चढून आल्यावर, बोलताना, खोकताना अशा वेगवेगळ्या अवस्थांत निदान तीसेक जोड्या गोळा करा.

मग दोन्ही आकड्यांमधला सहसंबंध (ते बरोबरीनं किती वर-खाली होतात याचं माप) काढून ‘०.९५ आला’ म्हणून थांबू नका. प्रत्येक वेळी पाच श्वास जास्त मोजणाऱ्या पट्ट्याचाही सहसंबंध झकास येतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सांगितलेली रीत वापरा : प्रत्येक जोडीतला फरक काढा, त्याची सरासरी काढा आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले प्रमाण विचलन (फरक किती विखुरलेत याचं माप) एवढी मर्यादा आखा. आमचा पहिला पट्टा बसलेल्या माणसावर एका श्वासाच्या आत होता. बोलताना तो सरळसरळ चुकला. आम्ही अहवालात ते तसंच लिहिलं, आणि आता बोलणं-चालणं ओळखून पट्टा त्या मिनिटाला आकडाच दाखवत नाही.

टिकतो किती दिवस?

हे तुम्हीच मोजा. सर्व्हो मोटारला (ठरवलेल्या कोनात पुढे-मागे फिरणाऱ्या मोटारला) पट्टी अडकवून रात्रभर ताणत-सोडत ठेवा आणि दर शंभर फेऱ्यांनी रोध नोंदवा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालून केलेल्या ‘घामात’ एक तुकडा भिजत ठेवा. चांदीच्या धाग्याचा मुलामा घामानं आणि साबणानं उतरत जातो, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स टिचबटणांवरून काढता यावं आणि पट्टा हातानं धुता यावा अशी रचना करा.

खर्च किती येतो?

पट्ट्याचं कापड, इलॅस्टिक, धागा आणि सेन्सर मिळून आमचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसतो. बोर्ड, बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट यांना काही शे रुपये लागतात. लिथियमची बॅटरी संरक्षक सर्किट असलेलीच घ्या आणि ती कातडीपासून दूर, कापडाच्या खिशात ठेवा. तिथे दहा रुपये वाचवणं मला मान्य नाही.

लोकांवर चाचणी करायला किंवा विकायला परवानगी लागते का?

प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या माणसांवर मोजमापं घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हा त्याचा आधार. संमतीपत्र त्या माणसाला वाचता येईल अशा मराठीत असू द्या. विक्रीसाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून जवळपास सगळीच वैद्यकीय उपकरणं या कायद्याच्या कक्षेत आली. कातडीला लागणाऱ्या पदार्थांची जैवसुसंगतता, म्हणजे त्यांनी शरीराला अपाय होत नाही हे, आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दाखवावी लागते. परवाना नसताना ‘आजार ओळखतो’ असं खोक्यावर लिहू नका, मित्राला भेट देतानाही नाही.

आणि नोंदी त्या माणसाच्या मालकीच्या. श्वासाच्या नोंदी नावाशिवाय, क्रमांकावर साठवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ पासून आहेच.

मदत कुठे मिळेल?

वैद्यकीय उपकरणाची कल्पना असेल तर आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलावर बसवतं. वाहक पेस्ट आणि इलेक्ट्रॉनिक पदार्थांसाठी पुण्यात पाषाणला सी-मेट ही सरकारी संशोधन संस्था आहे. छापील, लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आयआयटी कानपूरमध्ये. जाताना नुसती कल्पना नेऊ नका. तीस जोड्यांचा तो कागद, ज्यात पट्टा कुठे चुकला तेही लिहिलंय, तो बरोबर न्या.